मैत्रिणींसाठी गोधड्या: आराखडा, कापड आणि टाके (मुक्काम इंदूर)

रामबागची

गोधडीवर मैत्रिणीचं नाव भरलं की ती खास तिची झाली, असं बरेच जण धरून चालतात. मला ते पटत नाही. नाव भरलेली गोधडी बहुतेक घरांत कपाटात जाते आणि पाहुणे आले की दाखवायला बाहेर निघते. जी रोज रात्री अंगावर येते, तिच्या मागे शिवणारीने केलेली बारीक चौकशी असते. ही मैत्रीण पाय बाहेर काढून झोपते का? पंखा बारा महिने लावते का? गोधडी धुणार कोण, हाताने की मशिनमध्ये? वाळत घालायला गच्ची आहे की फक्त बाल्कनीतली दोरी? घरात मांजर आहे का? रंग आणि नक्षी या सगळ्यानंतर.

सध्या तीन गोधड्या हाती घेतल्यात, तिन्ही कॉलेजपासूनच्या मैत्रिणींच्या.

पहिली डॉक्टर आहे. रात्रपाळी करते आणि दिवसा झोपते. इंदूरच्या मे महिन्यात दिवसा झोपायचं म्हणजे कूलरसमोर. तिला ऊब नको, पण अंगावर काही असल्याशिवाय झोप लागत नाही. म्हणून आत काहीही न भरता धुऊन मऊ केलेल्या मलमलीचे तीन थर घेतलेत आणि चार-चार बोटांवर धावदोरा घालतेय. कूलरच्या ओलसर हवेत जाड भरणीला कुबट वास लागतो, ही पातळ गोधडी मात्र उन्हात लगेच वाळते. मी फिके रंग काढून ठेवले होते. तिने सांगितलं की दुपारचा उजेड फिक्या कापडावरून डोळ्यांवर येतो. आता गडद निळा आणि शेंदरी घेतलाय. तिला विचारलं नसतं तर हे मला कुठून कळणार होतं?

दुसरी टोरंटोला असते. बाहेर बर्फ असला तरी घर आतून गरम, त्यामुळे तिलाही जाडजूड नको. शिवाय विमानाच्या बॅगेत वजन मोजून न्यायचं. तिच्याकडे कपडे ड्रायरमध्ये वाळतात आणि सुती कापड त्या उष्णतेत हमखास आटतं, म्हणून प्रत्येक कापड आधी गरम पाण्यातून काढून, इस्त्री करून मगच बेतायचं ठरवलंय. तिच्या गोधडीत आम्हा सगळ्या मैत्रिणींचे रंगपंचमीच्या गेरमधले (इंदूरची रंगांची मिरवणूक) जुने पांढरे कुर्ते जाणार आहेत. राजवाड्यासमोर उभं राहून अंगावर घेतलेला रंग त्यांच्यावर अजून आहे. माझा पहिला प्रश्न इथे आहे: हा रंग पुढच्या धुण्यात शेजारच्या तुकड्यांवर उतरू नये म्हणून काय करावं?

तिसरीची आई गेल्या वर्षी गेली. तिने साड्यांची एक पिशवी आणून दिली आणि "तुला सुचेल तसं कर" म्हणाली. वर रोजच्या वापरातल्या सुती साड्या आहेत. तळाशी एक डाळिंबी माहेश्वरी आहे, जवळजवळ नवी. सुती साड्या बेतायला मला काही वाटत नाही. माहेश्वरीला कात्री लावावी का, हा दुसरा प्रश्न.

अनुभवी मंडळींनी मोकळेपणी लिहा.


पाव_इंच

ताई, सुरुवात आवडली. मी गणिताच्या बाजूने लिहितो, कारण पहिल्यांदा शिवणारे बहुतेक जण तिथेच अडतात.

आपल्याकडची सिंगल गादी साधारण ३६ बाय ७८ इंच असते. अंगावर घेऊन दोन्ही बाजूंना खाली यायला ६० बाय ९० पुरते. आराखडा आलेखाच्या कागदावर काढा. एक चौकोन म्हणजे दहा इंच धरला तर आडवे सहा आणि उभे नऊ, असे चोपन्न तुकडे होतात. चारही बाजूंना पाव इंच माया (शिवणीत जाणारं कापड) हवी, म्हणजे प्रत्येक तुकडा साडेदहा इंच कापायचा.

पाव इंच म्हणजे दोन सूत. प्रत्येक जोडात दोन्ही तुकड्यांचं मिळून एकच सूत जास्त गेलं तरी नऊ तुकड्यांच्या उभ्या पट्टीत आठ जोड असतात, म्हणजे आठ सूत, पूर्ण एक इंच कमी. शेजारची पट्टी बरोबर शिवलेली असेल तर दोन्ही जुळणार नाहीत, आणि ओढून जुळवल्या तर गोधडी त्या जागी कायमची फुगलेली राहील. मशिनच्या सुईखालच्या धातूच्या पट्टीवर सुईपासून पाव इंचावर जाड चिकटपट्टी लावून टाका आणि कापडाची कड तिला टेकवून शिवा. पहिले चार तुकडे जोडले की थांबून मोजा.

त्रिकोण जोडून चौकोन करायचा असेल तर तयार मापात सात सूत मिळवून चौकोन कापायचे. चार इंचांचा हवा तर चार इंच सात सूत. असे दोन वेगळ्या रंगांचे चौकोन कर्णातून कापायचे आणि त्रिकोण अदलाबदल करून जोडायचे. तिरकी कड ताणली जाते, म्हणून तिथे इस्त्री सरकवायची नाही, वरून दाबून उचलायची.


वाचनमात्र

छान धागा. वाचतेय.


स्नेहलतागंज

माझी आजी माळव्यात लग्न होऊन आली ती खानदेशातून, गोधडीचं शिक्षण तिच्याकडूनच. तिच्या हातच्या गोधडीत जोडकाम वरच्या एका थरात असायचं. आतल्या साड्या मात्र अखंड, फक्त लांबीत दुमडलेल्या. जुनी नऊवारी साधारण सव्वाआठ मीटर असते. नव्वद इंचांचे तीन पदर करूनही पुढे कापड उरतं. म्हणजे एका साडीत तीन थर, दोन साड्या शेजारी घेतल्या की गोधडीची रुंदी भरली. कापूस नाही, पॉलिएस्टरची भरण नाही. धुऊन धुऊन मऊ झालेलं सूत अंगाला जसं लागतं तसं विकतचं काहीच लागत नाही.

माहेश्वरीबद्दल: कापू नका. आतल्या थरात अख्खी घाला. मैत्रिणीला ठाऊक असेल की ती आत आहे. दिसली पाहिजे असं कुठे आहे? आजीने नणंदेच्या गोधडीत तिच्याच आईचं लुगडं असं आत घातलं होतं, आणि गोधडी वरून विरल्यावर नवं आवरण चढवताना ते जसंच्या तसं हाती आलं.


निमाडकर

स्नेहलतागंज, तुमच्याविषयी आदर ठेवून असहमत. मी महेश्वरजवळचा. माहेश्वरीत ताणा (उभे धागे) रेशमाचा आणि बाणा (आडवे धागे) सुताचा असतो, कापड अतिशय हलकं. ते सुती साड्यांच्या थरांमध्ये घालून वर दाट धावदोरा घातलात, तर प्रत्येक धुण्यात सुती थर ओढ घेतील आणि रेशमाच्या बारीक तंतूंवर टाक्याटाक्याला ताण येईल. वरून काही दिसणार नाही, आत मात्र साडी विरत जाईल. साडी जपायची म्हणून आत घालायची आणि तिथेच ती फाटायची, हे मला बघवणार नाही.

कापायचीच असेल तर नीट कापावी. माहेश्वरीच्या काठाची विणकर इतकी काळजी घेतात की तो दोन्ही बाजूंनी नेसता येतो. अशा काठाचा गोट (कडेची पट्टी) लावला तर गोधडी उलटी पांघरली तरी काठ सुलटाच दिसेल. आणि अंगाच्या कापडाला मागून मलमल लावा, कच्चा टाका घालून दोन्ही एकत्र बेता. आधार मिळाला की हलकं कापडही वर्षानुवर्षं टिकतं.


पाव_इंच

गोटाचं गणित जुळतंय. ६० बाय ९०चा घेर ३०० इंच. साडेपाच मीटरची साडी २१६ इंच लांब, काठ दोन, म्हणजे ४३२ इंच. कोपरे वळवून आणि जोड देऊनही शंभराहून जास्त इंच काठ उरतो. कात्री फक्त दोन लांब कडांनी चालेल. मधलं कापड आणि पदर अखंड राहतील.


स्नेहलतागंज

निमाडकर, ताणाचा मुद्दा बरोबर आहे. आजीकडे सगळं सुतीच असायचं, त्यामुळे रेशमाचा विचार मी केला नव्हता. तरी काठ उतरवलेली साडी माझ्या डोळ्यांना साडी वाटत नाही. हे मनाचं आहे, ते बदलणार नाही.


कापडबाजार

आमचं घराणं इंदूरच्या एम. टी. क्लॉथ मार्केटमधलं, आजोबांच्या काळापासून. हुकुमचंद मिल १९९१ मध्ये बंद पडली, त्याआधी इंदूरच्याच मिलचं कापड आमच्या दुकानात असे. रंगाबद्दल लिहितो.

गेरमध्ये दोन प्रकार अंगावर येतात. गुलाल बहुतेक पिठूळ असतो, तो पाण्याने जातो. टँकरमधून फवारलेला ओला रंग धाग्यात शिरतो आणि त्यातला काही भाग वर्षानुवर्षं थोडाथोडा सुटत राहतो. तेव्हा प्रत्येक कुर्ता वेगळ्या बादलीत, गरम पाणी आणि साबण घालून, पाणी स्वच्छ येईपर्यंत धुवा. मग ओल्या कुर्त्याखाली पांढरं फडकं ठेवून वरून इस्त्री करा. फडक्यावर छटा आली तर अजून धुवायचा आहे. मीठ किंवा व्हिनेगर घातलं की रंग पक्का होतो, हे घरोघरी ऐकू येतं. सुती कापडावर आधीच बसलेल्या रंगाला त्याने पक्केपणा येत नाही. इतकं धुऊन उरेल तोच खरा रंग. तो फिका असेल, पण टोरंटोच्या मशिनमध्ये शेजारच्यावर चढणार नाही.

बाग प्रिंट घेणार असाल तर तेही आधी धुवा. धार जिल्ह्यातल्या बागचे छापणारे तुरटीवर लाल आणि लोहाच्या क्षारावर काळा चढवतात, मग मोठ्या भांड्यात कापड उकळतात. तो रंग पक्का असतो, तरी वरचा जादा भाग पहिल्या एक-दोन धुण्यांत निघतोच. उज्जैनच्या भैरवगडचं बाटिक असेल तर त्यात मेणाचा अंश राहिलेला असू शकतो. गरम इस्त्रीखाली तो वितळून शेजारच्या तुकड्याला डाग पाडतो. उकळत्या पाण्यातून एकदा काढलं की काम झालं.

आणि वजन जुळवा. जाड खादीशेजारी मलमल जोडली की खादी मलमलीला ओढून फाडते, आणि फाटते ती जोडाच्या कडेने. दोन कापडं चिमटीत एकत्र धरून चोळून पाहा, हाताला फरक कळतो.


नवशिकी_भोपाळ

मी पहिल्यांदाच शिवणार आहे. मैत्रिणीला बाळ होणार आहे, त्याच्यासाठी छोटी गोधडी. ३६ बाय ४५ ठीक आहे का? कापसाची भरण घालू का? कोपऱ्यांवर बटणांचे डोळे असलेले ससे लावायचा विचार आहे.


रामबागची

माप छान आहे. बटणं मात्र नकोत, बाळ ती तोडून तोंडात घालतं. डोळे धाग्याने भरा, कापडाचे ससे पूर्ण कडेने बारीक टाक्यांत बसवा. दुसरं, ही गोष्ट मैत्रिणीलाही सांगा: एक वर्षाच्या आतल्या बाळाला झोपेत सैल पांघरूण, उशी असलं काही जवळ ठेवू नये, असं बालरोगतज्ज्ञ सांगतात, कारण ते तोंडावर येऊन श्वास अडू शकतो. म्हणून तिला ही जमिनीवर अंथरायची गोधडी म्हणून द्या. बाळ पालथं पडायला लागलं की त्यावरच खेळेल. अंथरायची असल्यामुळे खालच्या बाजूला जरा दणकट कापड घ्या, आणि भरण पातळ.

मोकळा कापूस घालणार असाल तर टाक्यांच्या ओळींमध्ये दोन-तीन इंचांपेक्षा जास्त अंतर नको. नाहीतर पहिल्याच धुण्यात कापूस सरकून गोळे होतात. बाळाच्या गोधडीला धुणं किती पडतं ते तुम्हाला कळेलच. पहिल्या वेळेला मी तर आत जुनी फ्लॅनेलची चादर घालायला सांगेन.


टाकेदोरे_बडोदा

बडोद्याहून नमस्कार. टोरंटोवाल्या गोधडीचं वाचून एक गोष्ट लिहाविशी वाटली.

अमेरिकेत १८४० च्या दशकात सह्यांच्या गोधड्यांची मोठी लाट होती. गावातून कोणी दूर पश्चिमेला राहायला निघालं की मैत्रिणी आणि नातलग एकेक चौकोन शिवायचे, मध्ये न पुसणाऱ्या शाईने सही करायचे, आणि सगळे चौकोन जोडून गोधडी त्या बाईबरोबर जायची. त्यांतल्या काही गोधड्या आज संग्रहालयांत आहेत आणि सह्या वाचता येतात. रामबागची, तुमच्या कुर्त्यांवर प्रत्येकीची सही घ्या. कुर्ता जिचा, सहीही तिची. टोरंटोत ती एखाद्या तुकड्यावर बोट ठेवून म्हणू शकेल की हिचा हा रंग.

पद्धत अशी. तुकडा कापण्याआधी मागे खरखरीत कागद ठेवा म्हणजे कापड सरकणार नाही. कापडावर लिहायच्या पक्क्या पेनाने हळू सही करायची, मोठी, किमान चार बोटं रुंद. वाळू द्यायची आणि वरून फडकं ठेवून इस्त्री. त्यानंतर एका पदरी धाग्याने शाईवरून उलटी टीप घालायची. शाई पुढे फिकी झाली तरी टाके राहतात. कागदावरच्या जुन्या सह्या उतरवायच्या असतील तर ट्रेसिंग पेपरवर गिरवा, रेषेवर सुईने भोकं पाडा आणि रॉकेलमध्ये कालवलेली नीळ कापसाच्या बोळ्याने वरून फिरवा. साड्यांवर नक्षी उतरवणारे कारागीर हेच करतात. धुतल्यावर निळे ठिपके जातात.

छापील फोटो टाळा. गरम इस्त्रीने चिकटवलेल्या फोटोला काही धुण्यांनंतर भेगा पडतात, आणि माणसाच्या चेहऱ्यावर भेगा पडलेल्या पाहणं फार वाईट.

कॉलेजचे टी-शर्ट घालायचे असतील तर मागे चिकट बकरम लावल्याशिवाय बेतू नका. होजियरी ताणते, आणि ताणलेला तुकडा सुती तुकड्यांत बसतच नाही. छापील अक्षरांवर थेट इस्त्री नको.


धारवाडी_सून

मूळची इंदूरची, आता धारवाडला. इथून जवळ, उत्तर कन्नड जिल्ह्यात सिद्दी समाजाच्या बायका कवंद नावाची गोधडी शिवतात. जुन्या कपड्यांचे तुकडे, कडेपासून सुरू होऊन आत येत जाणारा जाड धावदोरा, आणि मला सगळ्यांत आवडलेली गोष्ट म्हणजे चारही कोपऱ्यांवर घडी घातलेल्या त्रिकोणी तुकड्यांची फुलं. कोपऱ्याला फूल नसेल तर त्यांच्या लेखी गोधडी पुरी झालेली नाही. लहान मुलांच्या कवंदवर रंगीत चौकोनी तुकडे जास्त घालतात.

कोपरे सगळ्यांत आधी झिजतात हे शिवणाऱ्या सगळ्यांना माहीत असेल. फुलामुळे तिथे कापडाचे जादा थर येतात.


पाव_इंच

एक शंका. कवंद आणि आपली जुनी गोधडी, दोन्ही कडेकडून मध्याकडे शिवत आणतात. मशिनवर मात्र आम्हाला मध्यापासून बाहेर जायला सांगतात. मग कडेकडून आत येताना मध्यभागी फुगा कसा येत नाही?


स्नेहलतागंज

कारण आधी कच्चे टाके घातलेले असतात. आजी दुपारची जेवणं आटोपली की ओटी झाडून घ्यायची, अस्तर पसरायची आणि चारही कोपऱ्यांवर पाटे ठेवून ताणायची. मग एकेक थर, प्रत्येक थरावरून तळहात फिरवून हवा काढायची. वरचा थर बसला की दोघीतिघी मिळून वीतभर अंतरावर लांब कच्चे टाके, उभे आणि आडवे. जाळीच झाली म्हणा. त्यानंतर थर हलायला जागाच नसते, मग कुठूनही सुरू करा. हातात सुई वरखाली जाते, कापडाला पुढे ढकलत नाही.

मशिनमध्ये दाबपट्टी वरचा थर ढकलते आणि दाते खालचा ओढतात, म्हणून तिथे मध्यापासून जावं लागतं. सुनेने मशिनवर शिवली तेव्हा तिला मी हेच सांगितलं. सुई चौदा नंबरची किंवा जाड थर असेल तर सोळा, आणि टाका नेहमीपेक्षा मोठा ठेवायचा.


नवशिकी_भोपाळ

कच्च्या टाक्यांऐवजी सेफ्टी पिना चालतील का?


स्नेहलतागंज

चालतील, तळहाताएवढ्या अंतरावर लावा. मलमलीला मात्र नकोत, पिनेचं भोक बुजत नाही.


रामबागची

तुमच्या सगळ्यांच्या प्रतिसादांनंतर तिसऱ्या मैत्रिणीकडे जाऊन आले. माहेश्वरी सोबत नेली होती. आत अख्खी घालायची की काठाचा गोट करायचा, दोन्ही वाटा तिच्यापुढे ठेवणार होते.

पिशवी तिच्या वहिनीने भरली होती. त्यात माहेश्वरी आहे हे तिला ठाऊकच नव्हतं. तिने साडी मांडीवर घेतली, पदर उघडला आणि म्हणाली, ही मी नेसणार. ब्लाउजही आईचाच उसवून माझ्या मापाचा करून घेईन. त्यामुळे निमाडकर आणि स्नेहलतागंज, तुमच्या वादाचा निकाल साडीच्या मालकिणीने लावला. मैत्रिणीने एकदा "तुला सुचेल तसं कर" म्हटलं तरी कापण्याआधी प्रत्येक कापड तिच्यासमोर उलगडून दाखवायचं, हे आता माझ्यापुरतं पक्कं झालंय.

पण त्यानंतर तिने दुसरं काहीतरी काढलं. आईच्या कपाटात ब्लाउजपीसचा एक गठ्ठा होता. संक्रांतीची हळदीकुंकवं, बारशी, डोहाळजेवणं, गौरी, कोणाच्या ओटीत आलेले, कधीही न शिवलेले. खण, छापील सुती, चमकीचे, सगळी सरमिसळ. काहींच्या घडीत देणाऱ्या घराचं आडनाव पेन्सिलीने लिहिलेली चिठ्ठी, तोच पुन्हा त्याच घरी जाऊ नये म्हणून आईने ठेवलेली. रामबाग, लोकमान्य नगर, सुदामा नगर, पन्नास वर्षांचा शेजार त्या गठ्ठ्यात आहे. मैत्रीण म्हणाली, या सगळ्या बायकांची गोधडी कर.

आता प्रश्न असा की यात सुती किती आणि टेरिकॉट किती, ते डोळ्यांनी कळत नाही. कसं वेगळं करू?


कापडबाजार

कडेचे दोन-चार धागे ओढून काढा आणि चिमट्यात धरून जाळा. सिंकवर, खाली पाणी ठेवून. सुती धागा भरभर जळतो, कागद जळल्यासारखा वास येतो आणि राख बोटांत भुगा होते. पॉलिएस्टर आक्रसतं, वितळतं, आणि टोकाला कडक काळा मणी राहतो. मिश्र कापडात दोन्ही होतं, राखेत खडे लागतात. रेशमाला जळलेल्या केसांचा वास येतो.

टेरिकॉटचे तुकडे टाकू नका. ते आटत नाहीत आणि सुती आटतात, म्हणून सुती आधी धुऊन घ्या, मग दोन्ही शेजारी चालतील. इस्त्री मात्र बेताची.


टाकेदोरे_बडोदा

वाचून अंगावर काटा आला. रंग इतके निरनिराळे असतील तर मांडणीचा त्रास होईल. सगळे तुकडे पलंगावर मांडा आणि फोनवर काळापांढरा फोटो काढा. लाल आणि हिरवा डोळ्यांना वेगळे वाटतात, फोटोत कधीकधी एकच करडा दिसतो. गडद, मध्यम, फिका असे तीन ढीग त्या फोटोवरून करा आणि नक्षी त्या ढिगांतून बसवा, म्हणजे चमकीचा तुकडासुद्धा ओरडणार नाही. मध्ये एकाच रंगाच्या अरुंद पट्ट्या द्या, डोळ्याला थांबायला जागा मिळते. त्या पट्ट्यांसाठी आईंच्या रोजच्या सुती साड्या घ्या ना. त्या तुमच्याकडे आहेतच.

चिठ्ठ्या टाकू नका.


निमाडकर

पट्ट्यांची कल्पना उत्तम. आणि खणाचा तुकडा बेताना त्याचा काठ वाया घालवू नका, पट्टीच्या जोडावर येईल असा ठेवा.


स्नेहलतागंज

अस्तराला कोणती साडी घेताय? तिची आई रोज पहाटे जी नेसायची ती असेल तर ती अंगाच्या बाजूला ठेवा.


रामबागची

हो, करड्या रंगाची एक आहे, पार मऊ झालेली. तीच अस्तर. बाकीच्या दोन पट्ट्यांना आणि एक आत.

चिठ्ठ्यांचं मैत्रिणीनेच ठरवलं. प्रत्येक आडनाव त्या-त्या तुकड्याच्या मागच्या बाजूला, मायेच्या आत, पेन्सिलीनेच लिहायचं. बाहेरून दिसणार नाही.

गेरचे कुर्ते धुऊन झाले. एकाचा हिरवा पूर्ण गेला, बाकीच्यांवर गुलाबी आणि जांभळा राहिलाय, फडक्यावर काही उतरत नाही. सह्या घ्यायला सुरुवात केली. टोरंटोवालीला अजून काही सांगितलेलं नाही, पण तिच्या बहिणीकडून कळलं की ती सोफ्यावर पाय वर घेऊन पुस्तक वाचत झोपते, पलंगावर जातच नाही. म्हणून माप ५० बाय ६० केलंय. वजनही वाचलं.

ब्लाउजपीसच्या गोधडीचे कच्चे टाके येत्या रविवारी दुपारी घालणार आहोत, रामबागेत, आमच्या हॉलमध्ये जमिनीवर. इंदुरात असाल तर या, व्यक्तिगत निरोपात पत्ता देते. मैत्रीणही येणार आहे. जमिनीवर बसायला त्रास होत असेल त्यांच्यासाठी एका बाजूला टेबल ठेवते, तिथे सुया ओवून देण्याचं काम आहे. अंगुस्तान आपापलं आणा, माझ्याकडे दोनच आहेत.


स्नेहलतागंज

येते. पाटे आहेत का, की मी आणू?


रामबागची

दोन आहेत काकू, दोन आणा.